दुखण्यावरची सुई आणि पायाची नस

डायक्लोफिनॅक हे सूज आणि ठणका कमी करणारे औषध गोळी, मलम आणि सुई अशा तिन्ही रूपांत मिळते. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतला कामगार असो की भातलावणीने कंबर धरलेला शेतकरी, दवाखान्यात मागणी बहुधा सुईचीच होते. मात्र कुल्ल्यात चुकीच्या जागी टोचलेल्या या सुईने पाय लुळा पडल्याची नोंद वैद्यकीय संशोधनात अनेकदा झाली आहे.

कारण शरीररचनेत आहे. शरीरातील सर्वांत जाड नस, सायाटिक, कुल्ल्याच्या स्नायूंखालून मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरते. सुई कुल्ल्याच्या खालच्या किंवा आतल्या भागात गेली, तर औषध या नसेत किंवा तिला लागून पडते. टोकाची इजा होतेच, शिवाय औषधानेही तंतू पोळतात. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंचे तंतू नसेच्या बाहेरच्या अंगाला असल्याने ते आधी सापडतात. टोचताच पायात वीज चमकल्यासारखी कळ जाते, पाऊल बधिर होते, चालताना ते घासते आणि चप्पल निसटते. स्नायू शाबूत असतो. त्याच्यापर्यंत मेंदूचा हुकूम पोचत नाही.

सुई आणि लुळेपणाचे आणखी एक नाते पोलिओच्या साथींत दिसले. १९४९च्या मेलबर्नमधील साथीत, नुकतीच दुसऱ्या रोगांवरची लस टोचलेल्या अवयवालाच बहुधा लुळेपणा येतो, असे डॉ. मॅक्लॉस्की यांना आढळले. तिथे दोष औषधाचा नव्हता. सुईने दुखावलेल्या स्नायूतून विषाणूला मज्जारज्जूकडे वाट मिळत होती. भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. नसेच्या इजेचा धोका मात्र आजही आहे.

तो टाळता येतो. गोळी गिळता येत असेल, तर सुईचा हट्ट धरू नये. सुई लागलीच, तर ती कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात द्यावी. किडकिडीत माणसे आणि लहान मुले यांच्याबाबत विशेष जपावे. टोचताना पायात कळ गेली, तर रुग्णाने लगेच सांगावे आणि देणाऱ्याने तिथेच थांबावे. पाऊल लुळे पडल्यास चोळत बसण्यात वेळ घालवू नये. तीन-चार आठवड्यांनी नसेच्या विद्युत तपासणीतून इजा किती खोल आहे ते कळते. तोवर पाऊल सरळ ठेवणारी पट्टी आणि व्यायाम सुरू करावेत. बरेच रुग्ण काही महिन्यांत सावरतात. सुधारणा दिसली नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.