चहाचें पाणी किती ऊन असावें?

जपानांत क्योतो शहराच्या दक्षिणेस उजी नांवाचें गांव चहासाठीं फार प्रसिद्ध आहे. तेथें 'ग्योकुरो' हा उंची हिरवा चहा करतांना पानांवर उकळतें पाणी ओतीत नाहींत. एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतून तें ५० ते ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत निवूं देतात, आणि मगच त्यांत पानें भिजवितात. 'सेंचा' या नित्याच्या चहाला ७० ते ८० अंशांचें पाणी घेतात. भाजलेल्या 'होजिचा'ला मात्र कढत पाणी चालतें. हा खटाटोप केवळ रुचीसाठीं, कीं त्यांत आरोग्याचाहि कांहीं संबंध आहे?

चहा आणि आरोग्य यांची सांगड त्या देशांत जुनी आहे. एइसाइ या झेन भिक्षूनें १२११ सालीं चहाच्या गुणांवर ग्रंथ लिहिला. परंतु पानांतील द्रव्यांची ओळख अलीकडची. मिचियो त्सुजिमुरा या विदुषीनें १९२९ सालीं हिरव्या चहांतून कॅटेचिन हें तुरट द्रव्य वेगळें काढलें.

पुढें कळून आलें कीं, कॅटेचिनें अनेक प्रकारचीं आहेत. कढत पाण्यांत एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट हें कॅटेचिन व कॅफीन भराभर उतरतात. म्हणून तो चहा तुरट व तरतरी आणणारा होतो. थंड पाण्यांत हीं दोन्हीं कमी उतरतात. एपिगॅलोकॅटेचिन हें त्याचें साधें भावंड मात्र बऱ्यापैकीं उतरतें. जपानी संशोधकांना प्रयोगशाळेंत असें आढळलें कीं, हें साधें कॅटेचिन रोगजंतु गिळणाऱ्या पेशींना चेतवितें, आणि पहिलें त्या चेतनेला आवर घालतें. यावरून थंड पाण्याचा चहा रोगप्रतिकारास उपकारक असावा, अशी आशा निर्माण झाली.

पण आशा म्हणजे प्रमाण नव्हे. पेशींवरील प्रयोगावरून माणसाच्या शरीराविषयीं निर्णय देतां येत नाहीं. अशा चहानें सर्दीपडसें टळतें, हें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. तापानें फणफणलेल्या मुलासाठीं डॉक्टरला बोलावण्याऐवजीं चहाच्या पेल्यावर विसंबणें घातकच ठरेल.

उष्णतेविषयींची एक सूचना मात्र अधिक भक्कम आधारावर उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१६ सालीं असा अभिप्राय दिला कीं, ६५ अंशांहून अधिक कढत पेयें पिणें बहुधा अन्ननलिकेच्या कर्करोगास कारण होतें. तेव्हां चहा कोणताहि असो, तो निवेपर्यंत धीर धरावा. उजीच्या यजमानाचा धीर रुचीसाठीं असतो. पण त्यांत घशाचेंहि हित आहे.