पाठ बघा, मग बिल द्या

घरी रुग्णसेवेला माणूस ठेवताना आपण एजन्सीला पहिलं विचारतो, दिवसाचे किती? मी विचारतो, उद्या हा आला नाही तर कोण येणार, आणि त्याला सगळं समजावून कोण देणार? इथेच उत्तर अडखळलं तर दुसरी एजन्सी बघा.

'नर्स' म्हणून पाठवली असेल तर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. अटेंडंटकडे तो नसतो. त्याच्याकडून इंजेक्शन घेऊ नका.

खरी तपासणी अंथरुणावर होते. फौजेत बराकीची पाहणी न सांगता करतात, तशी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा रोज स्वतः बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. तो फिका पडलाच नाही, तर बेडसोअर सुरू झालाय. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे हात लावून बघा, जागा गरम किंवा कडक लागते का.

आणि वहीतल्या रात्रभराच्या नोंदी एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या, तर एकदा रात्री 2 वाजता उठून खोलीत डोकवा.