टोकावरचा चेंडू

मी कवितेचा माणूस, बी. ए. झालेला. भौतिकशास्त्रावर मी काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण ते मला शाळेत का समजलं नाही, हे कळायला चाळीस वर्षं लागली, म्हणून बोलतो.

नववीत सरांनी विचारलं होतं, वर फेकलेला चेंडू टोकाला पोचला की त्याचं त्वरण किती? मी म्हणालो, शून्य. वर्ग हसला. सर म्हणाले, "बस खाली." त्यानंतर विज्ञानाच्या तासाला मी कधी तोंड उघडलं नाही.

परवा माझ्या धाकट्या लेकीनं वर्गात तेच उत्तर दिलं. "अब्बा, चेंडू थांबला, तर त्वरण कुठून असणार?" तिच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगानं वर निघाला. गुरुत्व त्वरण ९.८ आहे, सोयीसाठी १० धरू. एका सेकंदानंतर वेग १०, दोन सेकंदांनंतर शून्य, मग उणे १०, उणे २०. उणे म्हणजे खालच्या दिशेनं. बाईंनी विचारलं, "दर सेकंदाला वेग कितीनं बदलला?" दहानं. "मग शून्यापाशी बदल थांबला का?" नाही. थांबला असता, तर चेंडू तिथंच लटकून राहिला असता!

वेग शून्य असणं वेगळं आणि वेग बदलणं थांबणं वेगळं. बोलताना आपण गती, चाल, वेग हे शब्द सरमिसळ वापरतो. आम्ही कवी तर जास्तच. विज्ञानात मात्र चालीला दिशा नसते, वेगाला असते. हा फरक मुलांना सूत्राआधी सांगायला हवा.

आणि चूक म्हणजे मठ्ठपणा नव्हे. ढकलणं थांबलं की हातगाडी थांबते, हे मूल रोज पाहतं. घर्षण त्याला दिसत नाही. ॲरिस्टॉटललाही गतीसाठी सतत जोर लागतो असंच वाटत होतं. फेकणारा वस्तूत एक ओढ भरतो, असं अकराव्या शतकात इब्न सीनानं मांडलं. पडणाऱ्या वस्तूंचं गणित मांडणारा गॅलिलिओचा ग्रंथ आला तो १६३८ साली. जे उमगायला जगाला दोन हजार वर्षं लागली, ते मुलाला एका तासात यावं, हा हट्ट कशाला?

म्हणून शिक्षकांना एकच विनंती. चेंडू फेकण्याआधी मुलांना विचारा, काय होईल? चुकीचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. शिकवणं तिथूनच सुरू होतं. मला त्या दिवशी कुणी "तुला असं का वाटतं?" एवढंच विचारायला हवं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)