मातीतील शर्यत आणि गुणांचा हिशेब



मोटारसायकलची शर्यत म्हटली म्हणजे गुळगुळीत डांबरी मार्ग आणि त्यावरून बाणासारखे सुटलेले स्वार बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. मोटोक्रॉस हा प्रकार याहून सर्वस्वी निराळा आहे. त्यात डांबराचा लवलेशही नसतो. दीड-पावणेदोन किलोमीटरचा वळणावळणांचा मातीचा मार्ग, त्यावर चढ, उतार, खड्डे आणि उंचवटे, आणि उंचवट्यांवरून गाडीसह हवेत झेप घेणारे स्वार, असे त्याचे रूप असते. गाडीला दिवा नसतो आणि वेग दाखविणारे घड्याळही नसते. स्वाराला वेग कळतो तो केवळ हाताला, पायाला आणि कानाला.

या क्रीडेचा जन्म इंग्लंडातला. १९२४ च्या मार्च महिन्यात सरे परगण्यातील कँबर्ली येथे तिची पहिली ज्ञात शर्यत झाली. त्या काळी तिला 'स्क्रँबल' म्हणत. पुढे युरोपात ती फोफावली आणि १९५७ पासून तिचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. कृत्रिम उंचवटे रचून क्रीडागाराच्या आत भरविली जाणारी शर्यत ती सुपरक्रॉस. ही तिचीच धाकटी बहीण, आणि आपल्याकडे हीच अधिक परिचित आहे. राष्ट्रीय सुपरक्रॉस अजिंक्यपदाच्या फेऱ्या नाशकातही झालेल्या आहेत.

नाशिकच्या श्रोत्यांना या शर्यतीतली एक अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. काळ्या जमिनीत पावसात पाऊल टाकले की ती पायाला चिकटते, आणि उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात. अशा मातीत चाक रुतते, घसरते, कधी धूळ उडवून मागच्या स्वाराची दृष्टीच हिरावून घेते. प्रत्येक फेऱ्यागणिक चाकोऱ्या खोल होत जातात. सकाळी पाहिलेला मार्ग दुपारी तोच राहत नाही. म्हणून येथे नुसते धाडस पुरत नाही. जमिनीची पारख लागते.

पण मोटोक्रॉसचे खरे रहस्य एका दिवसाच्या शर्यतीत नाही. ते हंगामाच्या हिशेबात आहे. जागतिक अजिंक्यपदाचा हंगाम कित्येक महिने चालतो आणि देशोदेशी हिंडतो. प्रत्येक मुक्कामी मुख्य शर्यती दोन. सध्या प्रत्येक शर्यत तीस मिनिटे आणि त्यावर दोन फेरे अशी चालते. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २०, चौथ्याला १८, पाचव्याला १६, सहाव्याला १५, आणि असे उतरत उतरत विसाव्याला एक. शेवटी ज्याच्या वहीत बेरीज अधिक, तो विजेता. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व नवे नाही. एका दिवसाच्या मोठ्या मिळकतीपेक्षा महिनाभराची नियमित शिल्लक घर अधिक चालविते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१४ चा हंगाम. २५० घनसेंटिमीटर यंत्रांच्या 'एमएक्सटू' वर्गात नेदरलँड्सचा जेफ्री हर्लिंग्ज हा आधीच्या दोन वर्षांचा जगज्जेता होता. तो अद्याप वीस वर्षांचाही झाला नव्हता. त्या वर्षीही त्याची आघाडी एवढी मोठी होती की मुकुट त्याचाच, असे सारे धरून चालले होते. मग एका धर्मादाय शर्यतीत तो पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. त्या शर्यतीचा अजिंक्यपदाशी काडीचाही संबंध नव्हता.

त्याच्याच केटीएम संघात जॉर्डी टिक्सिये नावाचा फ्रेंच स्वार होता. हर्लिंग्ज अंथरुणाला खिळला असता टिक्सिये फेरीमागून फेरी गुण जमवीत गेला. हाड पुरते सांधण्यापूर्वीच हर्लिंग्ज सप्टेंबरात मेक्सिकोतील अखेरच्या फेरीसाठी मैदानात उतरला. धैर्य थोर खरे, पण देहाने साथ दिली नाही. टिक्सिये जगज्जेता झाला, तो अवघ्या चार गुणांनी. तिसरा आणि पाचवा यांच्यात एका शर्यतीत जेवढे अंतर पडते, तेवढेच हे अंतर.

टिक्सियेला विजय फुकट मिळाला, असे म्हणणारे तेव्हाही होते. ते न्याय्य नव्हे. पडलेल्याच्या जागी चालत राहणे हेही कर्तृत्वच आहे. आणि हर्लिंग्जही तेथेच थांबला नाही. २०२१ साली मोठ्या, 'एमएक्सजीपी' वर्गात खांद्याचे हाड मोडल्यामुळे त्याची एक फेरी हुकली. तरीही तो अखेरच्या दिवसापर्यंत टिकला आणि ७०८ विरुद्ध ७०३ अशा पाच गुणांनी फ्रान्सच्या रोमँ फेब्रवर मात करून अजिंक्य ठरला. एकदा चार गुणांनी गेलेले दुसऱ्यांदा पाच गुणांनी आले.

हा टिक्सिये महाराष्ट्राला सर्वस्वी परका नाही. २०२४ च्या जानेवारीत पुण्यातील बालेवाडी येथे 'इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग' या स्पर्धामालेच्या पहिल्या हंगामास प्रारंभ झाला आणि परदेशी स्वारांमध्ये तोही होता. पुढे हा हंगाम अहमदाबाद व बंगळूर येथे गेला. ज्या केटीएम कारखान्याच्या गाडीवर तो जगज्जेता झाला, त्या ऑस्ट्रियन कारखान्यात पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ सालापासून भांडवल गुंतविलेले आहे. त्या स्पर्धामालेत मुलांसाठी ८५ घनसेंटिमीटर यंत्रांचा एक वर्गही ठेविला होता.

येथे पालकांपुढे प्रश्न उभा राहतो. मुलाने अशा खेळात पडावे काय? उत्तर सोपे नाही. शिरस्त्राण, मानेचे व छातीचे कवच, गुडघ्याचे पट्टे, उंच बूट ही सारी साधने असूनही हाडे मोडतात, हे वरील दोन्ही हकिकतींवरून दिसतेच. पण जो मुलगा बंदिस्त मैदानावर, जाणत्या मार्गदर्शकाच्या नजरेखाली हा खेळ शिकतो, त्याला एक गोष्ट कळून चुकते. निष्कारण पत्करलेल्या एका धोक्याची किंमत साऱ्या हंगामाने मोजावी लागते. हे ज्याच्या अंगी मुरले, तो त्र्यंबक रस्त्यावर मित्रांना दाखविण्यासाठी गाडी भरधाव सोडणार नाही. तेथे गुण मिळत नाहीत, गमावले मात्र सर्वस्व जाते.