बेंगळुरूच्या आवारातील रानगुलाब

१७६० साली हैदर अलीने जिचा पाया घातला, त्या लालबागेच्या शहरात गुलाब म्हटले की दाट पाकळ्यांचे संकरित वाणच डोळ्यांपुढे येतात. परंतु आपल्या आवारात मधमाश्यांची व पाखरांची वस्ती व्हावी अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांना मी बंगाल-बिहारच्या पाणथळ प्रदेशातील शुभ्र रानगुलाबाची, रोझा क्लिनोफायलाची, शिफारस करीन. दक्षिणेचा स्वतःचा रानगुलाब निलगिरी-पळणीच्या उंच, शीतल पर्वतांवरचा. रोझा क्लिनोफायला मात्र उष्मा सोसणारा, आणि म्हणूनच कोडाईकनालच्या वीरराघवन दांपत्याने उष्ण प्रदेशांस मानवतील असे नवे वाण सिद्ध करताना त्याचा आधार घेतला. त्याच्या पाचच पाकळ्यांच्या फुलात केसरांचा पुंजका उघडा असल्यामुळे मधमाश्यांना पराग विनासायास मिळतो. दाट संकरित फुलांत पुष्कळशा केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात.

पावसाळ्यात छाटकलम लावावे, मुबलक ऊन आणि पसरण्यास जागा यांची तजवीज करावी, कीटकनाशक कटाक्षाने वर्ज्य करावे. पानांच्या कडांना वर्तुळाकार काप दिसले, तर तो रोग समजू नये. पाने कापणारी एकांडी मधमाशी ते तुकडे आपल्या घरट्यास अस्तर म्हणून नेते. सुकलेली फुले खुडू नयेत, म्हणजे पाखरांसाठी फळे धरतील.