जुनी जीप आणि घरच्या मजुरीचा हिशेब
(सौंदड, जि. गोंदिया येथील बैठकीतील भाषण)



सौंदडचे आपले यजमान धानवाले. वर्धा-यवतमाळकडून आलेले तुम्ही कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. पिके वेगळी, पण पावसाळ्यातली अडचण एकच. डांबरी सडक संपली की गाडी रुतते. म्हणून जुनी फोर-व्हील जीप किंवा लष्कराच्या लिलावातला छोटा ट्रक घ्यावा का, घरीच दुरुस्त करता येईल का, असे बरेच जण विचारतात. आज त्यावरच बोलतो.

या गाडीचे मूळ दुसऱ्या महायुद्धातले. अमेरिकेच्या सैन्यासाठी विलिज कंपनीने जीप बनवली. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद कंपनी निघाली आणि पुढे मुंबईत माझगावला विलिजचे सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेव्हा १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. दुसरे घराणे आपल्या उत्तरेला, जबलपूरचे. तिथल्या सरकारी कारखान्यात लष्करासाठी निस्सानच्या परवान्यावर जोंगा आणि एक टनी ट्रक बनत. सैन्याने काढून टाकलेल्या या गाड्या लिलावात विकल्या गेल्या.

बाहेरची गाडी येऊ द्यायची नाही आणि देशात नवा कारखाना निघू द्यायचा नाही, या परवाना-धोरणामुळे जीपचा एकच साचा कित्येक दशके चालला. गिऱ्हाईक म्हणून आपण नागवले गेलो. पण त्यामुळे जीपचा पुर्जा न् पुर्जा गावच्या मिस्त्रीला पाठ झाला. महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर काढला आणि पुढे त्याच घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले. ट्रॅक्टर उघडणारा मिस्त्री जीपला घाबरत नाही, तो यामुळेच.

आता काम कुठून सुरू करायचे? आपला माणूस आधी रंग आणि मोठे टायर आणतो. हे म्हणजे मशागत न करता फवारणी करणे झाले. क्रम असा ठेवा. पहिली चासी : जिथे पाट्यांचे कमानीचे स्प्रिंग अडकवतात, तिथे हातोडीने ठोकून पाहा. गंजाने पोकळ झाली असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. दुसरे ब्रेक आणि तिसरे स्टिअरिंग. यात काटकसर नाही, कारण गाडीत तुमची लेकरे बसणार आहेत. मग गिअरबॉक्स, इंजिन, वायरिंग. लष्करी गाडीचे वायरिंग २४ व्होल्टचे असू शकते, १२ व्होल्टचा बल्ब लावाल तर तो उडेल. रंग सर्वांत शेवटी. उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यात ठेवा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, आधी भक्कम लाकडी ठोकळे द्या.

गाडी तयार झाली की फोर-व्हील चिखलातच लावा. जुन्या जीपमध्ये ते लावले की पुढचा आणि मागचा धुरा एकत्र बांधला जातो. वळणावर दोघांना कमी-जास्त फिरावे लागते. चिखलात चाक घसरून ताण सुटतो. डांबरावर तो सुटत नाही आणि गिअर तुटतात. मोठ्या टायरचेही तसेच. चाक मोठे झाले की बेअरिंग, स्टिअरिंग, ब्रेक सगळ्यांवर बोजा वाढतो आणि गाडीची ओढ कमी होते.

मनाजोगा बदल करायचा तर कायदाही पाहा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलेल, असा फेरफार मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. पेट्रोल काढून डिझेल इंजिन टाकायचे असेल तर जुने इंजिन उतरवण्याआधी आरटीओला लेखी विचारा. नाहीतर अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्याला फाटे फुटतील. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ ला मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० ची ५,००० रुपये झाली, त्यानंतरही नियम बदलले. म्हणून चालू फी विचारल्याशिवाय सौदा करू नका. चासीवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळत नसेल तर फुकटातली गाडीही घेऊ नका.

आता मुख्य मुद्दा. गाडी स्वस्तात पडली, असे ज्याच्या-त्याच्या तोंडी असते. वहीत खरेदी आणि सुटे भाग लिहिलेले असतात. तुम्ही आणि मुलगा दोन महिने खपलात, ते कुठे लिहिले? कापसाचा उत्पादन खर्च काढताना घरची मजुरी सरकार कमी धरते, म्हणून आपण भांडतो. अंगणातल्या जीपला मात्र तीच मजुरी आपण शून्य धरतो! तुमच्या गावात गड्याला जी रोजी पडते, तीच स्वतःला लावा. आरटीओचे हेलपाटे आणि कर्जाचे व्याज धरा. मग वर्षात चिखलाचे दिवस किती आणि तेवढ्या दिवसांसाठी भाड्याचा ट्रॅक्टर कितीला पडतो, ते शेजारच्या रकान्यात लिहा.

आकडे पटले तर गाडी जरूर घ्या. आपले अवजार आपल्याला उघडता आणि जोडता येणे ही मोठी ताकद आहे. मुलगा त्यातून मिस्त्रीकाम शिकला तर तीही कमाईच. आकडे पटत नसतील आणि तरी हौस असेल, तर हौस म्हणून घ्या. पण मग तो खर्च शेतीच्या वहीत लिहू नका आणि त्यासाठी सावकाराच्या दारात जाऊ नका.