मूषकाविना राऊटर

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणरायाला वंदन करून सुरुवात करतो. काल याच व्यासपीठावर मोदकांची स्पर्धा झाली, उद्या मुलांची नाटुकली आहे, आणि मधल्या दिवशी कार्यकारिणीने राऊटरवरचे भाषण ठेवले आहे. तेव्हा जे चहाच्या निमित्ताने उठून गेले नाहीत, त्यांचे आधी आभार!

विषय तसा तुमचाच आहे. मंडळातली तरुण मुले, आणि माझ्या वयाचे काही सहकारीसुद्धा, गेली काही वर्षे एकच प्रश्न विचारतात. "काका, नेटवर्किंग शिकायचंय. घरी सरावाला कुठला राऊटर घेऊ?" विचारणाऱ्यांत कुणी रात्रपाळीत हेल्पडेस्क सांभाळतो, कुणाची नोकरी नुकतीच गेलेली असते, कुणी वहिनी मुलांसाठी दहा वर्षे घरी थांबून पुन्हा कामाला लागू पाहत असतात. त्यांच्या दृष्टीने ही हौस नाही. गाठीशी थोडे पैसे आणि सहा महिने आहेत, ते कुठे घालावेत, असा तो पोटापाण्याचा प्रश्न आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. सगळ्यांत मोठा किंवा सगळ्यांत नावाजलेला राऊटर घेऊ नका. ज्याच्याशी कमांड लाइनवर सगळे बोलता येते, ज्याला सुरक्षेच्या सुधारणा अजून मिळत आहेत आणि ज्यात आपण बिघडवलेले दोन मिनिटांत पूर्ववत करता येते, असा लहान राऊटर घ्या. जमल्यास दोन घ्या. आणि घराचे इंटरनेट त्याच्यावर अवलंबून ठेवू नका. आता यामागची कारणे सांगतो.

टपाल कचेरी आणि तिची भाषा

ज्येष्ठ मंडळींना रेल्वेतले आरएमएसचे डबे आठवत असतील. पत्रांचे थैले यायचे, कर्मचारी पत्ता बघून पत्र योग्य खणात टाकायचे. सांगलीचे पत्र मिरजेच्या थैल्यात, पुढचे मिरजवाले बघून घेतील. राऊटरचे काम हेच. आलेल्या पॅकेटवरचा पत्ता बघायचा, आपल्याजवळच्या तक्त्यात पुढचा मुक्काम शोधायचा आणि पाठवून द्यायचे. संपूर्ण प्रवास त्याला ठाऊक नसतो, फक्त पुढचे पाऊल ठाऊक असते.

आपल्या घरी इंटरनेटवाला जो डबा लावून जातो, त्यात राऊटर, स्विच, वायफाय आणि बहुतेकदा फायबर जोडणारे यंत्र अशी चार कामे एकत्र असतात. ब्राउझरमध्ये एक पान उघडते, माउसने चार चौकोनांवर खुणा करायच्या, झाले. घर चालवायला तेवढे पुरते. पण आत तक्ता कसा भरला गेला, पॅकेट कुठे अडले, हे त्या पानावर दिसत नाही. शिवाय कित्येक डब्यांतल्या बऱ्याचशा सोयी कंपनीने कुलूपबंद केलेल्या असतात.

मोठ्या जाळ्यांवर काम करणारे अभियंते मात्र कमांड लाइनवर बोलतात. शेकडो राऊटरवर एकच बदल करायचा असेल तर माउसने होत नाही. राऊटरची सगळी मांडणी साध्या मजकुरात असली की ती जपून ठेवता येते, कालची आणि आजची शेजारी ठेवून फरक बघता येतो. आणि जाळेच बंद पडते तेव्हा ब्राउझरमधले पानही उघडत नाही. कन्सोलची केबल लावून काळ्या पडद्यावर टाइप करणे एवढाच मार्ग उरतो. गणपतीचे वाहन मूषक असले तरी या विद्येत मूषक बाजूला ठेवावा लागतो, तो असा!

मुलाखती घेताना हा फरक लगेच कळतो. पुस्तक वाचून आलेला उमेदवार व्याख्या अचूक सांगतो. 'पिंग जात नाही, पहिल्यांदा काय बघाल?' असे विचारले की ज्याने हाताने काम केलेले असते तो एकेक पायरी सांगत जातो, दुसरा थबकतो. बुद्धीत दोघे सारखेच असतात. एकाला सरावाला यंत्र मिळालेले असते, एवढेच.

आपले गाव आणि हे यंत्र

आपल्या बेंगळूरूला हे यंत्र परके नाही. १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याच्या आठ संस्थांत इथली भारतीय विज्ञान संस्था होती आणि मुंबईची एनसीएसटी होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढे २००७ मध्ये सिस्कोने आऊटर रिंग रोडवर आपले मोठे संकुल उघडले, ज्युनिपरचेही केंद्र इथे झाले. ही ज्युनिपर १९९६ मध्ये प्रदीप सिंधू या भारतीय वंशाच्या अभियंत्याने स्थापली होती. २०२५ च्या जुलैमध्ये ती एचपीईच्या ताब्यात गेली. सांगायचा मुद्दा असा, की जगभरच्या राऊटरमधला काही भाग याच शहरात लिहिला जातो. पण एकेकाळी असे यंत्र हाताळायचे तर कंपनीत किंवा महागड्या क्लासमध्ये जावे लागे. आज ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर मावते.

काय घ्यावे?

पहिला पर्याय म्हणजे एस. पी. रोडवर किंवा ओळखीतून मिळणारा जुना सिस्को. उदाहरणार्थ १८४१, जो २००४ च्या सुमारास आला. सिस्कोची आयओएस ही भाषा या क्षेत्रात सर्वाधिक बोलली जाते आणि सीसीएनए परीक्षा १९९८ पासून तिच्याच आधाराने चालते. म्हणून हा मोह होतो. पण लक्षात घ्या, १८४१ ची दोन्ही पोर्ट १०० मेगाबिटची, पंखा आवाज करणारा, आणि कंपनीने त्याचा आधार केव्हाच थांबवलेला. सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत. सॉफ्टवेअरचा परवानाही यंत्राबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येत नाही. आज्ञा शिकायला तो ठीक आहे, इंटरनेटच्या दारात उभा करायला नाही. घेतलाच तर निळी कन्सोल केबल आणि यूएसबी-सिरियल जोडणीही घ्या, कारण आताच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसते.

दुसरा पर्याय मिक्रोटिक. लॅटव्हियाची राजधानी रिगा इथली, १९९६ ची कंपनी. तिचा 'हेक्स' हा तळहाताएवढा राऊटर. पाच गिगाबिट पोर्ट, पंखा नाही, वीज अगदी कमी. कंपनीची सुचवलेली किंमत साठ डॉलरच्या आत. आपल्याकडे कर आणि वितरक धरून थोडे जास्त पडतात. महत्त्वाची गोष्ट ही की याच्यावर चालणारी राऊटरओएस हीच प्रणाली त्यांच्या मोठ्या यंत्रांवरही असते. व्हीलॅन, ओएसपीएफ, बीजीपी, फायरवॉल, सगळे आहे. तिच्या आज्ञांची धाटणी मात्र सिस्कोहून वेगळी आहे.

तिसरा पर्याय युबिक्विटीचा एजराऊटर एक्स, जुन्यात मिळाला तर. याची प्रणाली 'व्याटा' या मुक्त प्रकल्पातून आलेली आणि तिची धाटणी ज्युनिपरच्या जवळची. त्याच कुळातली 'व्हीवायओएस' जुन्या संगणकावर किंवा लॅपटॉपमधल्या आभासी यंत्रावर चालते.

चौथा पर्याय, काहीच न घेणे! सिस्कोचे पॅकेट ट्रेसर त्यांच्या नेटवर्किंग अकादमीत नाव नोंदवून फुकट मिळते. ज्यांची नोकरी गेली आहे त्यांनी पहिला महिना यावरच काढावा. आज्ञा अंगवळणी पडतात का, विषयात रस टिकतो का, हे एक रुपया न घालवता कळते. मात्र सैल बसलेली केबल, चुकीच्या पोर्टात घातलेली वायर, वीज जाऊन आल्यावर काय उरते, हे ट्रेसर नीट शिकवू शकत नाही. त्यासाठी खरे यंत्र लागते.

एक सावधगिरी. खोक्यावर 'बिझनेस' छापले म्हणजे कमांड लाइन असतेच असे नाही. काही राऊटरमध्ये ती नावापुरती असते आणि खरे काम ब्राउझरमध्येच करावे लागते. विकत घेण्याआधी त्या मॉडेलचे कमांड लाइनचे माहितीपुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर आहे का आणि शेवटची सुधारणा कोणत्या तारखेची आहे, या दोन गोष्टी बघा. पुस्तक नसेल किंवा सुधारणा फार जुनी असेल, तर सोडून द्या.

'पण कंपन्या सिस्कोच विचारतात ना?' हा पुढचा प्रश्न. अहो, पुणेरी, वऱ्हाडी आणि बेळगावी मराठीत शब्द वेगळे, हेल वेगळे, पण भाषा एकच ना? तसेच हे. सबनेट, राऊट, नॅट, फायरवॉल यांचा अर्थ सगळीकडे एकच. एक बोली नीट आली की दुसरी काही आठवड्यांत येते. सीसीएनए द्यायचीच असेल तर बोली पॅकेट ट्रेसरवर घटवा आणि मूळ भाषा हातातल्या यंत्रावर शिका.

माघारी फिरण्याची सोय

शिकणारा माणूस स्वतःला बाहेर कोंडून घेणारच. फायरवॉलची एक ओळ चुकली की राऊटर तुमचेच ऐकेनासा होतो. म्हणून परत फिरण्याची सोय ही निवडीतली मोठी कसोटी आहे. सिस्कोमध्ये चालू मांडणी आणि साठवलेली मांडणी वेगळ्या असतात. साठवली नाही आणि वीज गेली, तर बदल गेले. याचाच फायदा घेऊन 'रीलोड इन १०' अशी आज्ञा आधी देऊन ठेवतात. फसलो तर दहा मिनिटांनी राऊटर स्वतःच जुन्या मांडणीवर परततो. काम जमले तर ती आज्ञा रद्द करायची. ज्युनिपरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' आहे. ठरल्या वेळात पुन्हा होकार दिला नाही तर बदल मागे घेतला जातो. मिक्रोटिकमध्ये बदल लगेच लागू होतो आणि साठवलाही जातो, पण 'सेफ मोड' चालू करून काम केले तर जोडणी तुटताच त्यातले बदल उलटतात. पहिल्याच दिवशी ही आज्ञा शिका. बाकीचे नंतर.

घरात जोडायचे कसे?

वहिनींची मीटिंग आणि मुलांचा ऑनलाइन क्लास बंद पडला तर तुमचे शिक्षण त्याच संध्याकाळी संपेल! म्हणून घरचा राऊटर आहे तसा राहू द्या. त्याच्या एका लॅन पोर्टातून वायर काढून नव्या राऊटरच्या वॅन पोर्टात घाला आणि आपला लॅपटॉप नव्या राऊटरच्या मागे लावा. घरचे जाळे १९२.१६८.१ चे असेल तर सरावाचे १०.१०.१० चे ठेवा. दोन्हीकडे एकच जाळे असेल तर पॅकेट कुठे पाठवावे हे राऊटरला ठरवता येत नाही. सरावाच्या राऊटरचे लॅन पोर्ट घरच्या लॅनला मात्र कधीही जोडू नका. त्याचा डीएचसीपी घरातल्या मोबाइलांना भलतेच पत्ते वाटू लागतो आणि अख्ख्या घराचे नेट जाते.

क्रम असा धरा. पहिल्या आठवड्यात नाव, पासवर्ड, पोर्टाला पत्ता आणि पिंग. नुसत्या बघण्याच्या आज्ञा भरपूर द्या. कन्नड शिकताना आपण आधी भाजीवाल्याचे ऐकायला शिकलो, मग बोलायला, तसेच. दुसऱ्या आठवड्यात डीएचसीपी आणि नॅट. तिसऱ्यात व्हीलॅन, म्हणजे पाहुण्यांचे जाळे घरच्यांपासून वेगळे. मग फायरवॉल आणि आयपीव्ही६. त्यापुढे ओएसपीएफ, आणि तिथे दुसरा राऊटर लागतो. टाळी एका हाताने वाजत नाही. शेजाऱ्याशी जोडण्यांच्या माहितीची देवाणघेवाण करणे हाच त्या प्रोटोकॉलचा आत्मा आहे. एक महागडा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या म्हणतो, ते यासाठी. दुसरा मंडळातल्या मित्राचा असला तरी चालेल, उलट बरेच.

शेवटची गोष्ट सुरक्षेची. २०१८ साली मिक्रोटिकच्या विनबॉक्स या सोयीत त्रुटी सापडली. कंपनीने एप्रिलमध्येच सुधारणा दिली होती. तरीही त्यानंतरच्या काही महिन्यांत जगभरातले दोन लाखांहून अधिक राऊटर चोरांच्या हाती गेले आणि लोकांच्या संगणकांवर गुपचूप आभासी चलन काढण्यासाठी वापरले गेले. मालकांनी सुधारणा लावलीच नव्हती. तेव्हा खोके उघडले की आधी सुधारणा, मग नवा पासवर्ड, आणि बाहेरच्या बाजूने राऊटरमध्ये शिरण्याची वाट बंद. सराव त्यानंतर.

मंडळी, राऊटर घेतल्याने नोकरी मिळते असे मी म्हणणार नाही. पण रोज तासभर, सहा महिने त्याच्याशी बोललेल्या माणसाला मुलाखतीत पाठांतर आठवावे लागत नाही, त्याने काय केले ते तो सांगतो. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी माझे दोन लहान राऊटर घेऊन मी याच सभागृहात बसणार आहे. ज्यांना विकत घेण्याआधी हात लावून बघायचा आहे, त्यांनी लॅपटॉप आणि एक लॅन केबल घेऊन यावे. वयाची अट नाही, वहिनींनीही जरूर यावे.

गणपती बाप्पा मोरया!